पळती लय

खालचा जबडा थरथरत होता. प्लास्टरचा, खडूसारखा पांढरा, कुणा अनोळखी माणसाच्या वाकड्यातिकड्या दातांसकट काचेच्या फळीवर ठेवलेला – आणि तो प्रत्येक सुराला थरथरत नव्हता हीच तर गंमत होती. गार्गीने सगळ्यांत जाड तारेवरून बोट एकेक घर वर सरकवत नेलं… इथे नाही, इथेही नाही, आणि इथे, तिसऱ्या घरावर, तो असा कडकडला की जणू आत्ताच हुडहुडी भरून आली असावी. तिने तळव्याने तार दाबली. जबडा गप्प. सोडली, पुन्हा छेडली. कडकड. ती एकटीच हसली. आतल्या खोलीत देवव्रत अवजारं धूत होता, नळाचा आवाज येत होता. खाली हार्डवेअरच्या दुकानात कुणीतरी पाइप कापत होतं. आणि या सगळ्या आवाजांच्या खाली आपला आवाज आहे, सगळ्यांना अंगावर घेऊन उभा आहे, असं तिला वाटलं. बेस गिटार हातात घेतली की तिला नेहमीच असं वाटे. पण आज त्या वाटण्यात एक काटा होता. दोन वाजायला आले होते, आणि अनय येणार होता.

भांडुपचा हा दातांचा दवाखाना दुपारी एक ते पाच बंद असे, आणि शनिवारच्या त्या बंद वेळात पेशंटच्या बाकांवर त्यांचा बँड बसे. बँडला नाव नव्हतं. तीन वर्षं झाली तरी नव्हतं, कारण कुणी एखादं नाव सुचवलं की बाकीचे ‘चालेल’ म्हणत, आणि ज्या नावाला सगळे नुसतं ‘चालेल’ म्हणतात ते कधी चालत नाही. देवव्रत एकतीस वर्षांचा, दवाखाना त्याचाच. पूर्वी ड्रम वाजवायचा, पण इथे ड्रम लावले असते तर वरच्या मजल्यावरच्या जयंतीकाकूंनी पोलीस आणले असते, म्हणून आता तो एका लाकडी खोक्यावर बसून त्याच खोक्याच्या पुढच्या फळीवर हातांनी ठोके देई. क्षमा अठ्ठावीसची. गायची, गाणी लिहायची, आणि एरवी विक्रोळीच्या एका कंपनीत माणसं नोकरीवर घेण्याचं आणि नोकरीवरून कमी करण्याचं काम करायची. अनय गिटार वाजवी; तो गार्गीच्याच कॉलेजात, मुलुंडला, शेवटच्या वर्षाला. आणि गार्गी – अठरा पूर्ण, एफवाय, जुलैपासून कॉलेजात आणि सप्टेंबरपासून या बाकांवर.

बेस तिच्याकडे तसा चुकूनच आला होता. नाहूरच्या त्यांच्या सोसायटीत एक सर गिटार शिकवायला येत, मुलं जास्त आणि गिटारी कमी. उरायचा तो एक जुना, चार जाड तारांचा बेस, जो कुणालाच नको असे, कारण त्याच्यावर वाढदिवसाला गाणं वाजवून दाखवता येत नाही. ती आठवीत होती. तिने तो घेतला. ‘अगं, पण ह्याच्यावर गाणं कुठलं वाजतं?’ आईने विचारलं होतं, आणि तेव्हा तिला उत्तर देता आलं नव्हतं. आता आलं असतं. आई, ह्याच्यावर गाणं वाजत नाही, पण हा थांबला की गाणं पडतं… कॉलेजच्या म्युझिक सर्कलच्या निवडीला ती तो पाठीला लावून गेली तेव्हा रांगेत सगळ्या गाणाऱ्या मुली होत्या, आणि टेबलामागच्या एकाने विचारलं, ‘बॉयफ्रेंडचा आहे का?’ सगळे हसले. तीही हसली असती कदाचित, सवयीने… पण टेबलाच्या कडेला बसलेला एक उंच मुलगा उठला, स्वतःच्या गिटारमधली वायर काढून त्याने तिच्या हातात दिली आणि म्हणाला, ‘वाजव.’

एवढंच. वाजवून झाल्यावर तोच तिला कँटीनमध्ये घेऊन गेला आणि टीवायच्या एका भरलेल्या टेबलापाशी उभं करून म्हणाला, ‘ही गार्गी. बेस वाजवते. हिच्याशी नीट बोलायचं.’

त्या वाक्याच्या जोरावर ती गेले पाच महिने कॉलेजात वावरत होती, म्हटलं तरी चाललं असतं. टीवायची मुलं तिला नावाने हाक मारत. फेस्टिव्हलच्या मीटिंगांना तिला खुर्ची ठेवलेली असे. ‘तू काय बाई, मोठ्या लोकांत बसतेस,’ वर्गातली तेजल म्हणायची, आणि त्यात हेवा किती आणि तक्रार किती हे गार्गीने कधी तपासलं नव्हतं. मला मोठी माणसं आवडतात, त्यात माझा काय दोष? वर्गातल्या मुली अजून बारावीच्या मार्कांवरच होत्या. आणि क्षमा? घरमालक, बॉस, घटस्फोट घेणारी मैत्रीण आणि अडलेली चाल, सगळं एका दमात बोले आणि मधेच थांबून विचारी, ‘तुला काय वाटतं?’ पहिल्या दिवशी गार्गी तिला क्षमाताई म्हणाली होती. ‘ताई म्हणालीस तर गाणं सोडून तुझा अभ्यास घ्यायला लागेन,’ क्षमा म्हणाली, ‘नुसतं क्षमा म्हण.’ ते नुसतं क्षमा तोंडात बसायला दिवस गेले, आणि ज्या दिवशी बसलं त्या दिवशी ती घरी गेली ती थोडी उंच होऊनच.

आणि परवा, गुरुवारी, क्षमाने तिला मुलुंडला डोसा खायला बोलावलं. एकटीला.

‘अनयला आपण थांबवतोय,’ क्षमा म्हणाली.

कशापासून, असं गार्गीच्या तोंडावर आलं होतं. मग कळलं. तो पळतो, क्षमा सांगत होती, गाणं सुरू होतं तेव्हा एक लय असते आणि संपतं तेव्हा दुसरीच, देवला सारखं त्याच्यामागे धावावं लागतं, मला श्वास पुरत नाही. राजेश म्हणून एक जण आहे, घाटकोपरचा, त्याच्याशी बोलणं झालंय. पुढच्या शनिवारचा छोटा कार्यक्रम अनयबरोबरच उरकू, कारण राजेशची गाणी तोवर बसणार नाहीत. मग सांगू त्याला. नीट सांगू. ‘तुझं मत हवंय मला. तू आता आमच्यातली आहेस. फक्त त्याला इतक्यात काही बोलू नकोस, हं?’

काय वाटलं मला तेव्हा? – हे तिने या दोन दिवसांत स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आणि दर वेळी तेच एक उत्तर आलं, कितीही झाकलं तरी न झाकणारं: आनंद झाला. आधी, सगळ्याच्या आधी, डोशाची कुरकुरीत कड मोडता मोडता एक लख्ख, निर्लज्ज आनंद – मला विचारलं! कंपनीत माणसं घेणारी-काढणारी, अठ्ठावीस वर्षांची बाई मला विचारते आहे… वाईट मागाहून वाटलं. आणि वाईट वाटत असतानाही कान आपला म्हणतच होता की क्षमाचं बरोबर आहे. तो पळतो. हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. ‘लय पळते त्याची, हो,’ एवढंच ती म्हणाली. याचा अर्थ मत दिलं असा होतो का, हे विचारायच्या आत क्षमाने तिच्यासाठी दुसरी कॉफी मागवली होती.

तरीही ते निभलं असतं. आज सकाळचं नसतं तर निभलं असतं.

आज सकाळी कँटीनमध्ये अनय समोर येऊन बसला तो उजळलेला. आपलं सँडविच त्याने अर्धं केलं आणि मोठा अर्धा तिच्याकडे ढकलला.

‘काल बाबांशी बोललो. सांगून टाकलं. एमबीएची परीक्षा नाही देत यंदा. एक वर्ष फक्त बँड.’

‘बाबा काय म्हणाले?’

‘काही नाही. बातम्या बंद केल्या आणि आत गेले.’ तो हसला, पण डोळे ओले होते. ‘पण मी बोललो यार! एकवीस वर्षांत पहिल्यांदा. खरंच, गार्गी. तुलाच पहिलं सांगतोय.’

सँडविचचा घास तिच्या तोंडात फिरत राहिला. ती सांगायची जागा होती. अगदी समोर, मोकळी, कुणीही पाय ठेवावा अशी… आणि ती त्या जागेला वळसा घालून गेली. ‘भारी रे,’ ती म्हणाली. तो आवाज तिला आपला वाटला नाही. कुणाचा होता तेही लक्षात येईना. पण तो तिने कुठेतरी ऐकला होता, पुष्कळदा.

जिन्यात पावलं वाजली. एकदम दोन-दोन पायऱ्या, म्हणजे अनय. त्याच्या मागून क्षमा, धापा टाकत, हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी. ‘याच्याबरोबर जिना चढायचा म्हणजे शिक्षा आहे,’ ती म्हणाली आणि सगळे हसले, आणि गार्गीला ते हसणं इतकं सहज, इतकं घरचं वाटलं की क्षणभर गुरुवारचं सगळं खोटं असावं… क्षमाने तिच्याकडे पाहिलं. फार थोडं पाहिलं. त्या पाहण्यात गुरुवार होता.

‘बाबांना सांगितलं मी,’ अनयने गिटार बाहेर काढता काढता जाहीर केलं. ‘एक वर्ष. फक्त आपण.’

देवव्रत हात पुसत बाहेर आला होता. पंचा त्याच्या हातात तसाच राहिला. क्षमा वेफर्सची पिशवी फाडत होती, ती जरा जास्तच फाटली.

‘अरे वा,’ देवव्रत म्हणाला.

त्यांनी खाडीचं गाणं घेतलं. क्षमाने ते ऐरोलीच्या पुलावरून येताना सुचलं म्हणून लिहिलं होतं – ओहोटीच्या वेळी चिखलात उभे असलेले रोहित पक्षी, आणि पाणी परत यायची वाट पाहणारी एक होडी. काही घडत नाही त्या गाण्यात, सगळं थांबलेलं आहे, आणि त्या थांबण्याला तोलून धरणारी एक संथ लय आहे, जिच्यात एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना वाटेत थोडं बसून घ्यावं लागतं. अनयने सुरुवात केली ती सुंदर केली. तो सुरुवात नेहमीच सुंदर करी. पहिलं कडवं गेलं. मग दुसऱ्याच्या तोंडाशी त्याचा खांदा किंचित पुढे आला – गार्गीला तो खांदा पाठ होता – आणि लय सुटली. थोडीशीच, आधी. क्षमाने एक शब्द अर्धा गिळला, पुढच्या ओळीला पोचण्यासाठी. देवव्रतचे हात खोक्यावर जवळ जवळ पडू लागले, कुरकुर न करता, चालत्या मुलाच्या मागे सरकणाऱ्या आयांसारखे. आणि अनयचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं सुख की पाहवत नव्हतं… होडी पाण्याची वाट पाहायचं सोडून धावत सुटली होती. शेवट आला तेव्हा तो कडेलोटासारखा आला.

‘मस्त झालं रे,’ देवव्रत म्हणाला. ‘एकदम मस्त.’

आणि गार्गीला तो आवाज सापडला. ऑक्टोबरात तिची अक्कलदाढ त्यानेच काढली होती. सुई मागे लपवून, मऊ, गोल, तळहातावर ठेवून दिल्यासारखा तो आवाज – ‘काही दुखणार नाही हं. मुंगी चावेल फक्त.’ दुखलं होतं. चांगलं दुखलं होतं… सकाळी कँटीनमध्ये मी त्या आवाजात बोलले. भारी रे. मी अठरा वर्षांची आहे आणि मलाही तो आवाज जमला.

‘छान,’ क्षमा म्हणाली. ‘पुढचं घेऊ या?’

म्हणजे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हे इतकं सरळ होतं, इतकं डोळ्यांसमोर, की तिला ते आजवर दिसू नये याचा तिला राग आला. तीन वर्षं. तीन वर्षं दर शनिवारी तो पळाला होता, आणि दर शनिवारी हे दोघे त्याच्या मागे धावले होते आणि धापा लपवून म्हणाले होते, मस्त. तिला वाटत होतं ही मोठी माणसं भांडत नाहीत तो त्यांचा समजूतदारपणा – घरी आई-बाबा भाजीतल्या मिठावरूनही भांडत, वर्गात तेजल आणि इतर जणी दिवसाआड अबोला धरत, आणि इथे सगळं कसं शांत, हसरं, वेफर्ससारखं हलकं… ही माणसं भांडत नव्हती कारण ती ठरवत होती. गप्प राहून, एकेक शनिवार मोजत. मग एक दिवस कुणाला तरी डोसा खायला बोलावत होती.

‘पुढचं नको,’ गार्गी म्हणाली. ‘हेच परत घेऊ. अनय, तू पळतोयस.’

खालचा पाइप कापण्याचा आवाज नेमका तेव्हाच थांबला. अनय हसला.

‘थोडा ना? ते फीलमध्ये होतं गं.’

‘थोडा नाही. दुसऱ्या कडव्यापासून शेवटापर्यंत. शेवटाला आपण दुसऱ्याच गाण्यात असतो.’

तिला आपला आवाज ऐकू येत होता, सरळ आणि कोरडा. तिला आश्चर्य वाटलं की तो कापत नाही. खरं तर कापायला हवा होता. समोर बसलेल्या प्रत्येकाने तिला काही ना काही दिलं होतं. पण लयीबद्दल बोलताना तिला कधी भीती वाटत नसे. तिथे ती लहान नव्हती. लय काय कुणाचं वय विचारते?

‘देव?’ अनयने विचारलं. देवव्रत आपल्या तळव्यांकडे पाहत होता. ठोके देऊन ते लाल झाले होते.

‘त्यांना राहू दे,’ गार्गी म्हणाली. ‘आपण दोघंच. फक्त तू आणि मी. वाजव.’

त्याने वाजवलं. पहिल्या खेपेला तो दुसऱ्या कडव्याशी सुटला आणि ती गेली नाही त्याच्याबरोबर. जिथे होती तिथे राहिली, आणि तो एकटा पुढे जाऊन पोकळीत पाय पडल्यासारखा थांबला. दुसऱ्या खेपेला तेच. तो लाल झाला. गिटार खाली ठेवील, असं वाटलं. त्याने बोटं पँटला पुसली आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली, डोळे उघडे ठेवून, तिच्या उजव्या हाताकडे पाहत, रस्ता ओलांडणारं पोर आईच्या हाताकडे पाहतं तसं… आणि दुसरं कडवं आलं, आणि खांदा पुढे आला, आणि मागे गेला. होडी थांबली. पाणी लांब होतं. ठोक्यांच्या मधल्या जागा उघडल्या आणि त्यांच्यात गिटारचे सूर असे पडायला लागले की क्षमा – तिच्या नकळत, कारण नंतर ती स्वतःच दचकली – गुणगुणू लागली.

शेवट आला. आला म्हणजे विरला.

‘एवढं हळू आहे हे?’ अनयने विचारलं. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ‘तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मग बोलला का नाहीत कधी?’

‘बोलणारच होतो रे आम्ही,’ क्षमा म्हणाली. ‘नीट वेळ बघून.’

‘काय बोलणार होतात?’

आता क्षमाने गार्गीकडे पाहिलं, आणि ते पाहणं थोडं नव्हतं. नको, ते म्हणत होतं. नको, मी सांभाळते. आणि गार्गीला ठाऊक होतं की क्षमा खरोखर सांभाळेल. दोन वाक्यांत सगळं गुळगुळीत होईल, वेफर्स फिरतील, अनय घरी जाईल आणि आणखी आठवडाभर बापासमोर ताठ मान करून फिरेल. आणि मी ‘आमच्यातली’च राहीन.

‘सांग, क्षमा,’ ती म्हणाली. ‘नाहीतर मी सांगते.’

क्षमाने सांगितलं. फार नीट सांगितलं, शब्द वेचून. मधे एकदा ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणाली. राजेशचं नाव आलं तेव्हा अनयने मान हलवली, जणू त्याला कुणाची ओळख करून दिली होती. मग तो गार्गीकडे वळला.

‘तुला कधीपासून माहीत आहे?’

‘गुरुवारपासून.’

त्याने वायर काढली, कोपराभोवती सावकाश, एकसारखे वेढे देत गुंडाळली, गिटार पिशवीत ठेवली, चेन लावली आणि जिना उतरून गेला. एकेक पायरी.

‘तू लहान आहेस, गार्गी,’ क्षमा म्हणाली. तिचे गाल पेटले होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि गार्गीला पहिल्यांदा दिसलं की ही रागावली की सुंदर दिसत नाही, साधी दिसते, कुणाही माणसासारखी. ‘असं नसतं करायचं. माणसाला त्याचा मान ठेवून सांगायचं असतं. एकटं गाठून. तू त्याला आमच्यादेखत उघडं पाडलंस.’

‘मग मला विचारलंत कशाला, क्षमाताई?’

ते ताई तिने ठरवून म्हटलं नव्हतं. निसटलं. पण खोलीत ते पडलं तेव्हा दोघींनाही ऐकू आलं, आणि क्षमाने तोंड फिरवलं. तिचंही काही खोटं नव्हतं, हे गार्गीला कळत होतं. एकटं गाठून सांगायला हवं होतं. ती वेळ सकाळी होती, सँडविचसमोर, आणि ती मी घालवली… मग उरली ती ही. वाईट होती, पण उरलेली होती.

देवव्रत उठून बाकं जागच्या जागी लावू लागला. पेशंट यायला वेळ होता, तरी. गार्गीने पिशवी पाठीला लावली. ती दारापाशी पोचली तेव्हा तो पाठमोराच म्हणाला, ‘ते शेवटचं कडवं… मी आज पहिल्यांदा नीट ऐकलं ते.’ यावर क्षमा काय म्हणाली, किंवा म्हणाली नाही, ते ऐकायला गार्गी थांबली नाही.

अनय खाली शेवटच्या पायरीवर बसला होता, हार्डवेअरवाल्याच्या प्लास्टिक बादल्यांच्या उतरंडीशेजारी. ती त्याच्या मागच्या पायरीवर बसली. दोघांच्या पाठींवर आपापली वाद्यं. कुणी पाहिलं असतं तर कुठल्यातरी लग्नाला निघालेली मंडळी वाटली असती.

‘सकाळी तुला माहीत होतं,’ तो न वळता म्हणाला.

‘हो.’

‘आणि भारी रे म्हणालीस.’

‘हो.’

पुढे बोलण्यासारखं होतं – की मला धीर झाला नाही, की क्षमाने सांगू नको म्हटलं होतं – पण ते सगळं तिला त्या मऊ आवाजातलं वाटलं.

‘बाबांना काय सांगू आता?’

समोरून एक रिक्षा गेली, मग पाण्याचा टँकर. अनय म्हणाला, ‘पळतो मी. ते खरंय. मघाशी मलाच कळलं.’ मग तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी आठवत असल्यासारखा होता तो. ‘पण तू कधी स्वतःला ऐकलंयस? इतकी घट्ट वाजवतेस ना तू… खिळे ठोकल्यासारखी. बाजूला उभं राहिलं की माणसाला पळून जावंसं वाटतं.’

तो उठला. पँटची धूळ झटकली.

‘सोमवारी?’ तिने विचारलं.

‘बघू,’ तो म्हणाला, आणि स्टेशनच्या बाजूला गेला.

ती नाहूरपर्यंत चालत निघाली. एलबीएस रोडवर मेट्रोच्या खांबांच्या खालून, डिसेंबरच्या त्या पिवळ्या, धुळकट उन्हात, पाठीवरचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेत. फोन पिशवीत दोनदा थरथरला. तिने काढला नाही. सोमवारी कँटीनमध्ये टीवायच्या टेबलावर आपली जागा असेल का, आणि शनिवारी बँड असेल का, आणि असला तर कुणाकुणाचा – हे प्रश्न आले, तिच्याबरोबर थोडे चालले आणि मागे पडले. तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. मी बरोबर होते, ती स्वतःशी म्हणाली. उशीर केला, पण बरोबर होते. आणि पाऊल ठाम पडत होतं, नेहमीसारखं, एक-दोन-एक-दोन…

खिळे ठोकल्यासारखी.

मूर्खपणा! घट्ट म्हणजे वाईट का? बेस घट्टच हवा. सगळे सांगतात… कोण सगळे? तिला आठवेना, तिच्या वाजवण्याबद्दल आजवर कुणी ‘मस्त’च्या पलीकडे काही बोललं होतं का. देवव्रत, मस्त. क्षमा, कमाल. कॉलेजात तर नुसत्या टाळ्या. सर म्हणत, मुलगी असून काय वाजवतेस… तिचं पाऊल जरा अडखळलं. म्हणजे मलाही? दर शनिवारी मलाही त्याच आवाजात…

तिने ती तिसरी खेप आठवून पाहिली. अनयचे उघडे डोळे, खांदा पुढे येणं, मागे जाणं. तो थांबला कारण मी हलले नाही – असं ती इतका वेळ धरून चालली होती. पण खरंच हलले नव्हते का मी? त्या क्षणाला, तो खांदा पुढे येताना, माझ्या हाताने किंचित वाट पाहिली होती का त्याची… एखादा ठोका केसभर उशिरा, त्याला आत येता यावं म्हणून? तिने कान दिला. तो क्षण कानाशी येई आणि निसटे. दुसऱ्याचं सगळं तिला ऐकू आलं होतं, क्षमाचा गिळलेला शब्द, देवव्रतचे जवळ आलेले हात, अगदी खालचा पाइपसुद्धा. आणि तिथे, जिथे ती स्वतः होती, तिथे काहीच नव्हतं. कोरी जागा.

ही जागा एवढी मोठी आहे, आणि मला पत्ता नाही!

सिग्नलला ती थांबली. तिला घाबरायला हवं होतं, पण अंगभर पसरत होतं ते वेगळंच काहीतरी, नव्या शहराचा पत्ता हातात पडावा तसं. धावत घरी जावं, दार लावून घ्यावं, आणि तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून बघावा. पुन्हा, आणि पुन्हा, तो केसभर उशीर सापडेपर्यंत. सिग्नल सुटला, ती भराभर चालू लागली, आणि अर्ध्या रस्त्यात तिच्या लक्षात आलं की एकटीने वाजवून ते कळणार नाही. त्यासाठी समोर कुणीतरी लागेल. पळणारं.